घरोब्याचे संबंध

वर्ध्याहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र दिसेपर्यंत बूड शेकून निघतं. तरी देशाची बंदरं कोणाच्या ताब्यात असावीत, याबद्दल माझं मत फार ठाम होतं. इतकं ठाम की ते मी पेपरला पत्र लिहून कळवलं आणि ते एकही वाक्य न कापता छापून आलं. घराच्या किल्ल्या पाहुण्याच्या कमरेला लटकवू नयेत, असं मी त्यात लिहिलं होतं. वखारी घालायला आलेल्यांनी पुढे काय केलं हे ज्यांना आठवत नाही, त्यांनी शाळेतलं इतिहासाचं पुस्तक पुन्हा उघडावं, असंही लिहिलं होतं. मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझ्या पत्रात खोट काढणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

माझी एकुलती एक लेक तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात क्रेन चालवत होती. आणि तिथला तो धक्का, म्हणजे जिथे जहाजं लागतात आणि कंटेनर उतरतात ती जागा, एक परदेशी कंपनी चालवायची.

ती नोकरी लागली तेव्हाची गंमत सांगते, कारण पुढे गंमत नाही. माझी नणंद हिंगणीला राहते. जंगल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वानरांचा ताप रोजचाच. भाची बंदरात लागली म्हटल्यावर तिने आपल्याकडे चालतो तो हिंदी अर्थ घेतला. "येवढा डिप्लोमा करून पोट्टी बंदरं धरते काय वो?" तिने मला फोनवर विचारलं. "मंग तिकडं काहाले गेली? इकडं येजो म्हणा, आमच्या छपराच्या कवेलूवर रोज दहा बसले राह्यते." तेव्हापासून लेक हिंगणीला गेली की "आली माय बंदरवाली" असंच स्वागत व्हायचं. लेकही हसायची. ती हसायची हेच माझ्यासाठी नवल होतं. तिचे बाबा ती दहावीत असताना गेले, आणि त्यानंतर बरीच वर्षं ही पोर घरात असून नसल्यासारखी होती. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, कोणी नाव विचारलं तर आधी माझ्याकडे बघायची.

त्या क्रेनने ती पोर बदलली. मी एकदा जाऊन पाहून आले. सहा-सात मजली घराएवढ्या उंचीवर एक काचेची खोली, तिचा तळही काचेचा. त्या खोलीत माझी मुलगी पुढे वाकून बसते आणि आपल्या दोन पायांच्या मधून खाली बघत, दोन हातांतल्या दोन दांड्यांनी ट्रकएवढा लोखंडी डबा जहाजातून उचलून ट्रकवर ठेवते. ठेवते म्हणजे कसा, तर निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसा. खाली उभा असलेला एक मुकादम मला म्हणाला, तुमच्या मुलीचा हात सगळ्यात हलका आहे. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा मान अवघडलेली, डोळे लाल, आणि चेहरा असा की मी तो तिच्या बाबांच्या पश्चात पाहिलाच नव्हता. "आई, वर कोणीच काही विचारत नाई," ती म्हणाली. "नुसतं मी आणि डबा." मला त्या दिवशी वाटलं, हिचं आता मार्गी लागलं. मी मेले तरी चालेल.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. घर नालवाडीला. सेवाग्राम जवळ, आणि तिथे आश्रम पाहायला, सूत कातायला शिकायला, दूरदूरच्या देशांतून माणसं येतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. रस्त्याने गोरा माणूस सायकलवर चालला तर कोणी मान वळवून बघत नाही. त्यातल्या काहींना लॉज नको असतो, कुटुंबात राहायचं असतं. आम्ही दोघं नवरा-बायको अशांना पुढची खोली द्यायचो. नवरा गेल्यावर मी एकटीनेही तो रिवाज चालू ठेवला. प्रत्येक पाहुण्याचा कागद भरून पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, तो मी स्वतः नेऊन द्यायचे. एकदाही चुकले नाही.

त्यांतलं एक म्हातारं जोडपं आमचंच होऊन गेलं. तीन महिने राहिलं. त्याला चरखा काही जमला नाही, रोज सूत तुटायचं आणि रोज तो नव्याने हसायचा. तिला मात्र ज्वारीची भाकर थापता आली, आणि ती माझ्यापेक्षा गोल थापायची, हे मी तेव्हाही कबूल केलं नव्हतं. लेक चौथीत होती. त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या भाषेत वीसपर्यंत आकडे शिकली. ते गेले, पण दर नव्या वर्षाला त्यांचं पत्र यायचं आणि मी उत्तर द्यायचे. नेमकी त्याच देशाची कंपनी पुढे लेकीचा धक्का चालवत होती. पत्र छापून आलं तेव्हा हे माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही. माणसं वेगळी आणि कंपनी वेगळी, असा माझा हिशेब होता, आणि आजही तो मला चुकीचा वाटत नाही.

लेकीने मात्र त्या पत्रावरून फोन केला.

"आई, पेपरात काय लिहून राह्यली तू? इथं एकानं ते सगळ्याइले पाठवलं."

"काऊन? चुकलं काय त्यात काही?"

"चुकलं नाई वो. पण मी इथं काम करते."

"तू क्रेनवर काम करतेस. क्रेन कुठं परदेशी आहे?"

"क्रेन बी परदेशीच आहे, आई," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. विषय संपला, असं मला वाटलं.

मग तो काळ आला. त्या देशाने उघडपणे आपल्या वैऱ्याची बाजू घेतली, लोक खवळले, आणि थोड्याच दिवसांत त्या कंपनीची सुरक्षा परवानगी काढून घेतल्याची बातमी आली. मी शेजारीपाजारी साखर वाटली नाही एवढंच. माझं पत्र कोणी दिल्लीत वाचलं असेल असं मला वाटलं नाही, पण कॉलनीतल्या दोघांनी तसं म्हटलं तेव्हा मी नाहीही म्हटलं नाही.

लेकीचा आवाज साधाच होता. "मले काई होत नाई. क्रेन तीच, धक्का तोच. दुसरी कंपनी येईन, आपल्या देशातली. फक्त सगळ्याइची नव्यानं चौकशी होणार आहे, घरच्या पत्त्यावर. पोलीस येईन तुझ्याकडे."

"येऊ दे. आपल्या घरी लपवण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी किती आरामात बोलले होते.

ठाण्यातला जमादार एका दुपारी आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब माणूस. मी त्याला पाहुण्यांचे कागद देऊन येत असल्यामुळे आमची ओळख होतीच. मी पोहे केले. तो फॉर्म भरू लागला आणि मी सवयीने त्याच्या खांद्यावरून वाचू लागले. 'राष्टीय सुरक्शा' असं लिहिलेलं दिसलं आणि मला राहवेना. मी त्याच्या हातून पेन घेतलं.

"सांगा तुम्ही, मी लिहिते."

"बरं झालं, मॅडम," तो म्हणाला आणि पोह्यांची प्लेट जवळ ओढली.

नाव, वय, शिक्षण, गुन्हे नाहीत, कर्ज नाही. मग तो प्रश्न आला. कुटुंबाचा परदेशी नागरिकांशी संपर्क आहे काय, असल्यास तपशील द्यावा.

"तिथं 'नाई' लिहून टाका," जमादार तोंडात घास असतानाच म्हणाला.

"काहाले? येतात की लोकं आमच्याकडं. तुमच्याच ठाण्यात कागद आणून देते मी."

"ते वेगळं असते, मॅडम. ह्या फारमात सगळे नाईच लिहिते."

"सगळे खोटं लिहितात म्हणून मी लिहू? आणि तेही सरकारी कागदावर?"

त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मी पाहिलं नाही. मी लिहिलं, "आमच्या घरी गेली बावीस वर्षे विविध देशांचे पाहुणे मुक्कामास येत असून". इथे अडले. 'ओळख' हा शब्द हलका वाटला. 'परिचय' कोरडा. मग सुचला तो लिहिला. "त्यांच्यापैकी अनेकांशी आमचे घरोब्याचे संबंध आहेत." आणि प्रामाणिकपणाला अर्धं माप नको म्हणून त्या म्हाताऱ्या जोडप्याचा देश आणि दर वर्षी येणारं पत्र, हेही लिहिलं. नेमका शब्द सापडल्याचा मला आनंद झाला होता. हे मी लपवत नाही. आज त्याच आनंदाची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

जमादाराने फॉर्म वाचला, टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, माझ्यापाशी दुसरा कोरा फारम आहे. साहेब लोक हे कसं वाचतीन, सांगता नाई येत."

मी त्याला व्याख्यान दिलं. ज्या देशासाठी आपण परक्यांच्या हातून बंदरं सोडवतो, त्याच देशाला खोटी माहिती द्यायची का, असं काहीसं. गरीब बिचारा, मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने कागदाची घडी केली, पोहे छान झाले होते म्हणाला आणि गेला.

पुढच्या महिन्याभरात धक्क्यावरच्या लोकांना नवे पास मिळाले. दहा-दहा, वीस-वीस जणांची यादी लागायची आणि लेक दर वेळी फोन करून सांगायची, आज नाही आलं नाव, उद्या येईल. ज्याला कंटेनर सरळ ठेवता येत नाही म्हणून ती हसायची, त्याचंही नाव आलं. पासाशिवाय फाटकाच्या आत जाता येत नाही, म्हणून तिला फाटकाबाहेरच्या एका खोलीत बसवलं. तिथून क्रेन दिसायची. तिची क्रेन दुसरा कोणी चालवत होता, आणि तो डबा आपटून ठेवायचा. आवाज खोलीपर्यंत यायचा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागतो. मी रोज हेच म्हणत होते.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आई, माझं कारण समजलं. ऑफिसमधल्या एकीनं कागद दाखवला मले." आणि तिने वाचून दाखवलं. कुटुंबाचे परकीय नागरिकांशी, विशेषतः सदर देशाच्या नागरिकांशी, दीर्घकाळ घरोब्याचे संबंध. शिफारस नाही.

आणि मी, तेहतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून कानीकपाळी ओरडणारी बाई, म्हणाले, "त्या जमादारानं लिहिलं असन काहीतरी. त्याले काय समजते?"



"आई," ती म्हणाली, "जमादार 'घरोब्याचे' लिहिते काय?"



"ऱ्हस्व-दीर्घ बी सगळं बराबर आहे," तीच पुढे म्हणाली, आणि फोन ठेवला. आदळून नाही. तिला काही आदळता येत नाही.

मी ठाण्यात गेले. जमादाराने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. अपील करता येते, तो म्हणाला. प्रतिज्ञापत्र द्यायचं, की कोणत्याही परदेशी नागरिकाशी आमचे संबंध नाहीत, आधीची माहिती गैरसमजुतीने दिली गेली. मी तिथेच बाकावर बसून ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं आलं. खोटं लिहिताना माझा हात थरथरेल असं मला उगाचच वाटायचं.

त्याच आठवड्यात पोस्टमन आला. तेच पाकीट, तेच वाकडं अक्षर, या वर्षी जरा जास्त वाकडं. म्हातारा आता नव्वदीला आला असेल. मी म्हटलं, परत पाठवा, हे लोक आमच्या ओळखीचे नाहीत.

पोस्टमन हसला. "मॅडम, मजाक करता काय? दरसाली येते न हे."

"ओळखीचे नाहीत म्हटलं ना मी!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की समोरची बाई गच्चीवर आली. पोस्टमनने पाकीट पिशवीत टाकलं आणि सायकल वळवली. भाकर माझ्यापेक्षा गोल थापणाऱ्या त्या बाईला मी एवढंही सांगू शकले नाही, की माझ्या लेकीसाठी करते आहे. त्या पाकिटात काय होतं हे मला कधीच कळणार नाही. त्यांच्यापैकी कोणी गेलं असेल तर तेही कळणार नाही.

इतकं करून अपील फेटाळलं गेलं. कुटुंबाने दिलेल्या दोन लेखी निवेदनांत विसंगती असून दोन्ही एकाच हस्ताक्षरात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. आधी खरं लिहिलं म्हणून नोकरी गेली, नंतर खोटं लिहिलं म्हणून. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच शेरा मारला असता.

लेक घरी आली. सामान म्हणजे एक ट्रंक आणि हेल्मेट. हेल्मेट परत करायचं असतं, पण कोणी मागितलं नाही. ती माझ्याशी भांडेल म्हणून मी तयारीत होते. मनात सगळी उत्तरं मांडून ठेवली होती, आणि मग ठरवलं होतं की एकही द्यायचं नाही, ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. ती भांडलीच नाही. भाजी निवडून द्यायची, गॅसचा नंबर लावायची, हिंगणीहून नणंद आली तर तिच्याशी दोन शब्द बोलायची. नणंदेने बंदराचं नाव काढलं नाही. कुठे गप्प राहावं ते त्या बाईला कळलं होतं, मलाच कळलं नव्हतं. दुपारी लेक पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायची, मान खाली, नजर दोन पायांच्या मधल्या फरशीवर. मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं मधूनच हलायची. मी दारातून बघायचे आणि मागे फिरायचे. आत जाऊन काय बोलणार होते?

मत तुमचं बदललं का, असं मला कोणी विचारत नाही. विचारलं तर मला आजही हेच म्हणावं लागेल, की परक्यांच्या हातात बंदर नको. हेच माझं दुखणं आहे. मत चुकीचं असतं तर ते टाकून तरी देता आलं असतं. पहारा हवाच होता. फक्त आतला कोण आणि बाहेरचा कोण हे पहारेकऱ्याला ओळखायला जो कागद लागला तो मी लिहून दिला, आणि त्यावर माझी स्वतःची पोर बाहेरची ठरली. याला कोणाकडे दाद मागायची? सरकारने माझंच ऐकलं, कंपनीबद्दलही आणि लेकीबद्दलही.

उन्हाळ्यात तिला एक फोन आला. ती हाकलून दिलेली कंपनी आणखी कितीतरी देशांत बंदरं चालवते. तिकडे कोणालातरी या पोरीचा हात आठवत होता. कुठल्या तरी तिसऱ्याच देशात, जिथे आपल्या ओळखीचं चिटपाखरूही नाही, क्रेनवर जागा होती. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. मला राग यायला हवा होता, पत्रलेखिकेला शोभेल असा. आला नाही. मी देवापाशी दिवा लावला.

मुलाखतीच्या दिवशी तिने पुढच्या खोलीत भिंतीपुढे खुर्ची मांडली, केस नीट बांधले, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"आई, तू स्वयंपाकघरातच राह्यजो. त्याइनं काई विचारलं तरी मधात बोलू नको. भांडं बी वाजवू नको."

"नाई वाजवत," मी म्हटलं.

मी ओट्याशी उभी राहिले. कणिक भिजवत होते, तीही थांबवली. पलीकडून एका बाईचा आवाज येत होता. आधी क्रेनचं काहीबाही विचारणं झालं. लेक भराभर बोलत होती. तो शेवटच्या बाकावरच्या पोरीचा नव्हे, त्या काचेच्या खोलीतल्या बाईचा आवाज होता, आणि माझे डोळे भरून आले. मग त्या बाईने विचारलं, करार लांबचा आहे, घरी तुझं कोण आहे, कोणासाठी परत यावं लागेल असं आहे का? एवढं इंग्रजी मला कळतं.

आमच्यात एक पातळ भिंत होती, आणि मी इथे ऐकते आहे हे तिला माहीत होतं.

कोणी नाही, ती म्हणाली.

मी परात उचलून खाली फरशीवर ठेवली, वाजणार नाही अशी.